काळं रान

नांगरायचं नाही. जाळायचं नाही. उघडी ठेवायची नाही.

शिरोलीच्या फाउंड्रीतली नोकरी सोडून उदयसिंह बिद्रीजवळच्या गावी परतला, तेव्हा जमिनीचे एवढेच नियम त्याने घरात सांगितले होते. माती आपण पिकवत नाही, तिचं ती पिकवते. आपण फक्त आड यायचं नाही. ऊस तुटला की वाळका पाला, पाचट, तिथंच अंथरायचं. त्याखाली ओल टिकते, गांडुळं वर येतात. यंदा, तिसऱ्या वर्षी, पाय टाकला की रान मळलेल्या पिठासारखं दबायला लागलं होतं.

सासुरवाडीहून तो परतला आणि बांधावरच थांबला.

रान काळं. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"आलास व्हय?" त्याचे वडील, हंबीरराव, खोऱ्याला टेकून उभे होते. भुवया होरपळलेल्या. "बघ, कसं लख्ख दिसतंय. एकट्यानं केलं."

उघडी ठेवायची नाही.

"कुणी सांगितलं, आबा?"

"सांगाय कशाला पायजे? डेअरीत रोज म्हणत्यात, हंबीररावाचं पोरगं नोकरीला कंटाळलं, आता काडी वडायला बी कंटाळलंय." आबांनी घाम पुसला, राख कपाळभर झाली. "आता म्हणू देत की."

उदयसिंहाने खाली बसून मातीत बोट खुपसलं. वर राख कोमट, खाली ओल नाही. तोंडाशी आलेलं त्याने गिळलं. म्हाताऱ्याला लेकावरची माया दुसऱ्या कशाने दाखवता येणार होती? राबूनच.

"बरं केलंसा," तो म्हणाला.

आबा खुलले. "उद्या ट्रॅक्टर बी सांगितलाय. एकदा नांगर फिरला की—"

नांगरायचं—

"नको." आवाज चढलाच. "तीन वर्सं झाकून ठेवलंतं मी, आबा. समदं जाळलंसा तुमी."

आबांनी खोरं बाजूला ठेवलं. आपल्या लख्ख रानाकडे बघितलं.

"मग आता काय करायचं?"

"काय न्हाय."

आबा बांधावर बसले. हात मांडीवर ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. वारं सुटलं. राख उठून शेजाऱ्याच्या रानात जायला लागली, तसे ते अर्धवट उठले.

"एवढी तरी गोळा करू का रं?"