परिशिष्टातल्या तारखा

प्रबंधाच्या शेवटची परिशिष्टं कोणी वाचत नाही. दिनकरराव केळापुरे वाचत, आणि म्हणूनच त्या सोमवारी, जूनच्या उकाड्यात, ते एका पानावर अडकले.

प्रबंध त्यांच्या विद्यार्थिनीचा, देवयानी गजभियेचा. शुक्रवारी तो जमा व्हायचा होता. त्यांची सही तेवढी राहिली होती. जमा झाल्याची पावती दाखवली की हैदराबादच्या एका संस्थेत एक जुलैपासून तिची नेमणूक. तिचे वडील नागपूरहून रेल्वेच्या नोकरीत लखनौला आले ते इथलेच झाले. त्यांनी दशहरी आंब्यांची पेटीसुद्धा आधीच सरांच्या घरी पोचवली होती.

तिचं चार वर्षांचं काम असं: पेशीतल्या मायटोकाँड्रियात एक विकर, म्हणजे एन्झाइम, ग्लुटामिन हे अमिनो आम्ल फोडतं आणि त्यातून अमोनिया सुटतो. दुसरं विकर या पहिल्याला लगाम घालतं. देवयानीने औषध देऊन तो लगाम काढला. अमोनिया वाढला, आणि पेशी आपलेच जुने, निकामी भाग मोडून पुन्हा वापरायला लागल्या.

परिशिष्टात तारखा होत्या. बिनऔषधाच्या, म्हणजे साध्या प्लेटा चार एप्रिल, दोन मे. औषधाच्या पंचवीस एप्रिल, तेवीस मे. पेशी ज्यात वाढवतात त्या द्रावणाची दर महिन्याला एकच बाटली.

हा क्रम दिनकररावांनीच घालून दिलेला. औषधाचा थेंब चुकून साध्या प्लेटेत गेला तर, या धास्तीने त्यांचा नियम होता की दर महिन्यात आधी सगळ्या साध्या, मग सगळ्या औषधाच्या. म्हणजे साध्यांना ताजं द्रावण, औषधाच्यांना तीन आठवड्यांचं शिळं. आणि द्रावणातलं ग्लुटामिन नुसतं पडून राहिलं तरी फुटतं, अमोनिया सोडतं. त्याला कुठलं विकर लागत नाही. त्यात दुपारी वीज गेली की इथला फ्रीज तासन्‌तास गरम.

"अहो, तुम्हाला तर शिजलेल्या भाताचीही शंका," रात्री जेवताना त्यांच्या पत्नी विभाताई म्हणाल्या. "मागच्या वर्षी तो तराजूच चुकीचा आहे म्हणून आठवडाभर झोपला नाहीत. निघालं काय?"

"तराजू बरोबर होता."

"मग? पोरीच्या वाटेत नका येऊ आता. आंबा घ्या."

त्यांनी आंबा घेतला नाही. आजवर त्यांच्या शंभरातल्या नव्वद शंका पोकळ निघाल्या होत्या. हीसुद्धा निघावी, एवढंच त्यांना हवं होतं.

मंगळवारी प्रयोगशाळा भरायच्या आधीच ते पोचले. मे महिन्याच्या बाटलीत तळाशी थोडं उरलं होतं. ते एका रिकाम्या प्लेटेत ओतलं, दुसरीत नव्या बाटलीतलं. पेशी कशातच नाहीत. दोन्हींत तपासणीचं रसायन टाकलं; अमोनिया असेल तर निळा रंग येतो. नवी प्लेट जेमतेम निळसर झाली. जुनी शाईसारखी.

मागे देवयानी कधी येऊन उभी राहिली, त्यांना कळलं नाही.

"सर, ये तो बढ़िया निळा आलाय. कौन-सी सेल हैं?"

"पेशी नाहीत त्यात."

"मतलब? मग अमोनिया आया कहाँ से?"

"बाटलीतून." त्यांनी परिशिष्टाचं पान तिच्यापुढे सरकवलं. तारखांखाली पेन्सिलीच्या रेघा होत्या.

तिने पान दोनदा वाचलं. "नियम आपका था, सर."

"हो. माझाच."

"मी पहिल्या वर्षी म्हटलं होतं, दोन्ही साथ में करते हैं. आप बोले, देवयानी, घाई नको."

"बोललो होतो."

"आप चुप भी रह सकते थे. कोई नहीं पढ़ता परिशिष्ट."

त्यांना म्हणावंसं वाटलं की रात्रभर तोच विचार केला. म्हणाले, "औषधाचा परिणाम खराही असेल. पण किती त्याचा आणि किती बाटलीचा, हे आज मला सांगता येत नाही. सही कशी करू?"

तिने फोनकडे बोट दाखवलं. "हैदराबादला तुम्ही सांगा. माझ्यासमोर."

परक्याशी फोनवर बोलायचं म्हटलं की दिनकरराव आधी कागदावर वाक्यं लिहून घेत. आज लिहिली नाहीत. ते अडखळत बोलले; प्रयोगाचा क्रम माझा होता, चूक माझी आहे, मुलीची नाही, हे दोनदा बोलले. तीन महिने मागितले.

"क्या बोले?"

"जागा तीन महिने रिकामी ठेवता येईलच असं नाही. लेखी पाठवा, बघू, म्हणाले."

"बघू," ती म्हणाली. "पप्पांना काय सांगू?"

"मी येतो घरी. मी सांगतो."

"नको. आप फिर माफ़ी माँगते रहेंगे आणि तेच तुमची समजूत घालत बसतील." तिने कपाटातून नव्या प्लेटा काढल्या. साध्या आणि औषधाच्या एकाच ट्रेमध्ये मांडून दोन्हींवर आजची तारीख घातली.

दिनकररावांनी सवयीने हातमोज्यांची पेटी ओढली.

"सर, आप बाहर बैठिए," ती मान वर न करता म्हणाली. "इस बार मैं अकेली करूँगी."

ते बाहेर आले. व्हरांड्यात एक बाक होता, त्यावर बसले. आत नळ सुरू झाला, बंद झाला. वीज होती.