केसांसकट

माणसाचा चेहरा हीच त्याची खरी ओळख, असं मी गेली बावीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो आहे. हे सांगत असताना माझा उजवा हात माउसवर असतो आणि पडद्यावर त्यांच्या कानामागून डोकावणारे केस पुसत असतो.

माझा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे एक स्टूल, एक पांढरा पडदा आणि आरशाखाली दोरीने बांधलेला कंगवा. ओळखपत्रं, अर्ज, परवाने यांना लागणारे फोटो मी काढतो. पुटकुळ्या, तेलकट नाक आणि विस्कटलेले केस न विचारता साफ करून देतो. आजवर एकानेही तक्रार केलेली नाही. स्वतःचा सुधारलेला चेहरा लोक फार लवकर ओळखतात.

माझे स्वतःचे केस कुरळे होते. होते म्हणतो, कारण आता केसच नाहीत. शाळेत मला ‘काथ्या’ म्हणत. आई रोज सकाळी माझं डोकं नळाखाली धरून तळव्याने दाबून दाबून केस बसवायची, आणि पहिल्या तासाची घंटा होईपर्यंत ते उठून उभे राहायचे. कॉलेजात गेल्यावर मी डोक्यावर मशीन फिरवायला लागलो. पुढे निसर्गानेच ते काम अंगावर घेतलं, आणि मी सुटलो.

मग मुलगी झाली. बायकोचे केस सरळ, शिस्तीतले. त्यामुळे आरोपी शोधायला कुणाला लांब जावं लागलं नाही. बायकोने तीन कंगव्यांचे दात घालवले आणि हात टेकले. मुलीने मात्र मोठी झाल्यावर त्या केसांशी आपलं आपण जमवून घेतलं. ओल्या केसांत नुसती बोटं घालायची, टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, जुन्या सुती सदऱ्यात गुंडाळायचे (सदरा माझा), आणि वाळेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. दमट हवेत डोकं टोपलीएवढं व्हायचं आणि ती दिवसभर धुसफुसायची. एखाद्या दिवशी मात्र एकेक बट स्प्रिंगसारखी उतरायची, मग बाईसाहेब उगाचच मान हलवत घरभर हिंडायच्या. चित्र काढताना दोन पेन्सिली केसांत खोचलेल्या असायच्या. तिसरी कधीकधी केस धुताना सापडायची. मी फक्त एवढंच म्हणायचो, की जरा बांध ते. दिवसातून चार वेळा.

सतराव्या वर्षी तिची चित्रकलेच्या कॉलेजची प्रवेशपरीक्षा आली. वर्षातून एकदाच होते ती, आणि दोन वर्षं पोरीने दुसरं काही केलं नव्हतं. अर्जाच्या फोटोसाठी ती माझ्याच स्टुलावर बसली.

“बाबा, केसांसकट हवा,” ती म्हणाली. “हात लावायचा नाही.”

“छे,” मी म्हणालो.

संध्याकाळी चाळीस फोटो साफ करायचे होते, त्यात तिचा सदतिसावा. हात सवयीने गेला, असं मी नंतर घरात सांगितलं. खरं म्हणजे सवयीने तो फक्त डाव्या बाजूला गेला. उजवी बाजू मी विचार करून केली. मग खुर्चीत मागे टेकून बघितलं. फार शहाणी मुलगी दिसत होती. मी अर्ज पाठवून टाकला.

प्रवेशपत्र आलं तेव्हा तिने ते बराच वेळ पाहिलं आणि ही कोण, असं विचारलं. विचारलं आईला, मला नाही. तरी मीच म्हणालो की एवढासा फोटो कोण बघतंय. पुढचा आठवडाभर ती माझ्याशी गरजेपुरतं बोलली, आणि तिच्या गरजा अचानक फारच कमी झाल्या.

परीक्षेच्या दिवशी फाटकावर एक बाई प्रवेशपत्रं तपासत होत्या. त्यांनी मुलीचं प्रवेशपत्र घेतलं, हातातली यादी बघितली, मुलीच्या डोक्याकडे बघितलं आणि तिला बाजूला थांबायला सांगितलं. बाजूला आणखी पाच-सहा मुलं उभी होती. त्यांचे केस सरळ होते. त्यांचं दुसरं काहीतरी चुकलं असणार.

मुलीचा चेहरा उतरला. मी तिला आवारातल्या नळावर नेलं, ओंजळीने पाणी मारलं आणि दोन्ही तळव्यांनी केस दाबू लागलो. आईचा हात मला चांगला पाठ होता. पोरगी मान वाकवून उभी राहिली, मी उभा राहायचो तशीच. पाणी तिच्या मानेवरून पाठीत उतरत होतं. हात काढला की कपाळावरची एक बट उठायची. तीनदा बसवली, तीनदा उठली.

“बाबा, पुरे,” ती म्हणाली. “जाऊन खरं सांगा त्यांना.”

रांगेतले निम्मे पालक माझी गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर मी बाईंना सांगितलं की मी हिचा बाप, फोटोग्राफरही मीच, ही तीच मुलगी आहे, केस मी पुसलेत. बाईंनी प्रवेशपत्र पुन्हा मागून घेतलं आणि पहिल्यांदाच फोटो नीट पाहिला. मग समोरची भिजलेली मुलगी पाहिली.

“का?” त्यांनी विचारलं.

बावीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

“त्याचे मी वेगळे पैसे घेत नाही,” मी म्हणालो.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मुलगी माझ्यापासून दोन पावलं लांब जाऊन उभी राहिली. बाईंनी प्रवेशपत्र परत दिलं. पाच मिनिटांनी बाजूला थांबलेल्या सगळ्यांनाच आत सोडलं.

तीन तासांनी ती बाहेर आली तेव्हा केस वाळून दुप्पट झाले होते आणि त्यात एक पेन्सिल राहून गेली होती. पेपर कसा गेला विचारलं. बरा गेला म्हणाली. केसांतून कागदावर दोन थेंब पडले म्हणे, एक रंगात लपला, एक नाही लपला. थोडं चालल्यावर मी म्हणालो, आपण नवा फोटो काढू, केसांसकट. ती म्हणाली, कोपऱ्यावरच्या दुकानात काढून झालाय.

फाटकापासून बऱ्यापैकी लांब आल्यावर मी विचारलं, आत कुणी फोटोवरून काही म्हणालं का.

“फोटोचं काय?” ती म्हणाली. “आमच्या खोलीची किल्ली सापडत नव्हती, म्हणून थांबवलं होतं.”