इस्त्रीबाईंचा आरामाचा दिवस

"सगळं म्हणजे?" इस्त्रीबाईंनी विचारलं.

"सगळं म्हणजे सगळं, मावशी," काउंटरवरची पोरगी हसू दाबत म्हणाली. "कपडे कपाटात ठेवा आणि हा झगा घाला. आत कोणी पुरुष नाही."

"पुरुषाचं काय घेऊन बसलीस? बटणं कुठायत याला?"

बटणं नव्हतीच, पट्टा होता. ते त्यांना माहीत असायला हवं होतं, कारण हा झगा परवाच त्यांनी स्वतः इस्त्रीखाली दाबून, घडी घालून वर पाठवला होता. पण झगा दाबणं वेगळं आणि घालणं वेगळं. त्यांनी सवयीने तो उलटा केला, शिवण पाहिली, नाकाला लावला. वास ओळखीचा निघाला तेव्हा कुठे त्यांनी त्यात हात घातले.

या रिसॉर्टच्या तळघरातल्या लाँड्रीत त्यांचा जन्म गेला होता. वरचे टॉवेल, झगे, चादरी भिंतीतल्या नळकांड्यातून धपकन त्यांच्यापुढे येऊन पडायच्या. ओल्या, तेलकट, कधी ओठांच्या रंगाने माखलेल्या. माणसं मात्र एकदाही पडली नाहीत. ती वर नेमकं करतात काय, याचा बाईंना पत्ता नव्हता. जिन्याने वर यायला खालच्यांना बंदी होती.

आता निवृत्ती आली. जन्मभर वाफेत उकडलेल्या बाईला निरोपाचं काय द्यावं? मॅनेजरसाहेबांनी डोकं चालवलं आणि वाफच दिली. एक अख्खा दिवस, पाहुण्यासारखा आराम. तोही सोमवारी, कारण सोमवारी वर चिटपाखरू नसतं. फोटो काढला, टाळ्या झाल्या. निर्लज्जपणाचा असा कळस सगळ्या लाँड्रीने डोळ्यांनी पाहिला आणि वर टाळ्याही वाजवल्या.

"त्यापेक्षा एक पंखा मागून घ्या," बाकीच्या बायका म्हणाल्या. बाईंनी ऐकलं नाही. वरच्या मालिशच्या खोलीत त्यांची सून काम करत होती.

सासू-सून एकाच घरात राहत होत्या आणि एकमेकींशी बोलत नव्हत्या. मुलगा परगावी दुसरी बाई करून बसला, घरी एक पोस्टकार्डही टाकलं नाही. सुनेने पदर खोचला आणि मालिशचं काम धरलं. त्या दिवशी ओट्यापाशी उभ्या राहून बाई बोलून गेल्या, "परक्यांची अंगं चोळणाऱ्या हातचं मी खाणार नाही." झालं. तेव्हापासून एका स्वयंपाकघरात दोन शेगड्या. दोघींमधलं बोलणं नातीमार्फत.

"तुझ्या आईला सांग, नळ जाणार आहे."

"आजीला सांग, मला ऐकू आलंय."

आणि ज्याने घर मोडलं त्याच्याबद्दल कोणी ब्र काढायचा नाही. घराघरातला न्याय हा असा. पळाला तो मोकळा, राबली ती बाटली.

चार दिवसांपूर्वी नात सहज बोलून गेली, "आजी, पुढच्या रविवारी आम्ही दुसऱ्या खोलीत राहायला जाणार." 'जाऊ नका' हा निरोप नातीकडून पाठवता येत नव्हता. तो द्यायला बाई आज आल्या होत्या. शिवाय आणखीही एक होतं, सांगायची लाज वाटावी असं. ती बया त्या खोलीत नेमकं करते तरी काय, ते एकदा बघायचंच होतं.

आधी त्यांना वाफेच्या खोलीत बसवलं. बाई बसल्या, चारही भिंती न्याहाळल्या, भोक कुठे आहे आणि वाफ येते कुठून ते शोधून काढलं आणि लगेच बाहेर आल्या.

"काय झालं मावशी?"

"काही नाही. यात बघण्यासारखं काय आहे?"

मग ती खोली. मंद दिवा, उंच अरुंद पलंग, डोक्याच्या बाजूला गादीला एक गोल भोक. बाईंनी भोकात हात घालून पाहिला. आरपार जात होता. तेवढ्यात दार ढकलून सून आत आली. हातात कोमट पाण्याचं पसरट भांडं. लाँड्रीतलं कोणीतरी येणार एवढंच तिला कळवलं होतं. पाणी हिंदकळून थोडं फरशीवर सांडलं.

सुनेने भांडं खाली ठेवलं. भिंतीकडे बघत, पाठ केल्यासारखी म्हणाली, "नमस्कार. आज आपली सेवा मी करणार आहे. आपल्याला कुठे दुखतं का?"

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. 'तुझ्या आईला सांग' म्हणावं तर खोलीत नात नव्हती.

"हे सगळ्यांना विचारतेस?"

"विचारावंच लागतं. नियम आहे."

"आणि लोक सांगतात?"

"सांगतात. काही काही तर थांबतच नाहीत."

बाई विचारात पडल्या. कुठे दुखतं, हे त्यांना आजवर कोणी विचारलं नव्हतं. मॅनेजरने नाही, नवऱ्याने नाही, ज्याच्यासाठी त्या सुनेशी वैर धरून बसल्या त्या दिवट्या मुलानेही नाही.

"उजवा खांदा," त्या शेवटी म्हणाल्या. "मशीनचा दांडा ओढून ओढून."

"माहितीये. रात्री कण्हता तुम्ही."

भिंतीपलीकडे ऐकू जातं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"पाय द्या."

"पाय कशाला? दुखतो तो खांदा."

"सुरुवात पायांपासून असते."

"कोणाचेही पाय धुतेस?"

"जो येईल त्याचे."

बाईंनी पाय मागे ओढले. सुनेने घोटा धरून ठेवला, सोडला नाही. पाण्यात बुडालेल्या त्या हातांकडे बाई टक लावून बघत राहिल्या. याच हातांचा त्यांनी एवढा बाऊ केला होता. बोटं आखूड, नखं बारीक कापलेली, मनगटावर कसलासा चटका.

मग त्यांना पालथं निजवलं. भोकातून फरशी दिसत होती आणि सुनेची पावलं. टाचांना खोल भेगा पडल्या होत्या. दिवसभर लोकांच्या टाचांना तेल लावणारीच्या टाचा ह्या!

अंगठा खांद्यात रुतला.

"दाब ठीक आहे?"

"जोरात आहे."

"कमी करू?"

"मी कमी कर म्हटलं का?"

वरून नाकातून हसल्यासारखा आवाज आला. खात्री करायला बाईंनी मान वर केली, तर सुनेने ती अलगद खाली दाबली.

"लोक काय करतात इथे?" बाईंनी भोकातून विचारलं.

"झोपतात. घोरतात. एखादी रडते."

"रडायला काय धाड भरली त्यांना?"

"मी विचारत नाही. तो प्रश्न नियमात नाही."

"मग?"

"मग वेळ संपते. त्या उठून जातात. मी चादर बदलते."

"एवढंच?"

"एवढंच."

एवढंच! एवढ्यासाठी एका ओट्यावर दोन शेगड्या. बाईंना स्वतःचाच संताप आला, आणि पालथं पडून संतापता येत नाही हेही त्यांना तेव्हाच कळलं.

"खोली कशी आहे?" त्यांनी फरशीला विचारलं.

हात थबकले. "लहान आहे. पण खिडकी आहे."

"खिडकी आपल्याकडेही आहे."

"तुमच्याकडे आहे."

हात पुन्हा फिरू लागले. मग बाईंनी ज्यासाठी झगा घातला होता ते सांगून टाकलं.

"जाऊ नका."

पावलं हलली नाहीत. बाईंना वाटलं, ऐकू गेलं नसेल. पुन्हा म्हणायला त्यांनी श्वास घेतला तोच सून बोलली. आवाज पाठ केलेला नव्हता.

"शाळेत मॅडमनी पोरीला विचारलं, घरी तू काय काम करतेस? बाकीच्या पोरी म्हणाल्या भांडी लावते, झाडांना पाणी घालते. ही म्हणाली, मी निरोप सांगते." ती थांबली. "सगळा वर्ग हसला म्हणे. तिलाही हसू आलं. मला नाही आलं. तुम्ही हे आधी म्हणाला असता तर..."

वाक्य तिने पुरं केलं नाही. बाईंनीही ते पुढे ओढलं नाही. नातीला त्यांनी कधी विचारलंच नव्हतं, तुला कुठे दुखतं म्हणून.

वेळ संपली. बाई उठून बसल्या. सुनेने तबकातून मध घातलेल्या गरम पाण्याचा पेला आणला, त्यांच्यासमोर ठेवला आणि पाठ फिरवली.

"हे शेवटी द्यायचं असतं. मीच केलंय," ती तेलाच्या बाटल्या लावत म्हणाली. "नाही घेतलं तरी चालतं. पुष्कळजणी तसंच ठेवून जातात."

खोलीत बाटल्यांचा आवाज होत राहिला. मग रिकामा पेला तबकात टेकल्याचा.

सून वळली. तिने पेला उचलला, तिरका करून आत पाहिलं.

"मध कमी आहे," बाई म्हणाल्या.

"पाहुण्यांना तेवढाच आवडतो."

"पाहुण्यांना काय कळतंय!"

सुनेने पलंगावरची चादर ओढून काढली, भिंतीतलं झाकण उघडून आत सोडली. बाई कान देऊन उभ्या राहिल्या. फार खाली, अगदी बारीक, धप्प झालं. जन्मभर त्यांनी हा आवाज दुसऱ्या बाजूने ऐकला होता.

सुनेने नवी चादर झटकली. बाईंनी न सांगता दुसरी टोकं धरली. घडीच्या रेघा त्यांच्याच हातच्या होत्या.

"रविवारी सामान किती आहे?"

"दोन पेट्या."

"एक मी धरते."

"खांदा दुखेल."

"डाव्या हाताने धरीन."

सुनेने आपल्या बाजूची चादर ताणली, बाईंनी आपल्या बाजूची. गादीवर बाईंच्या अंगाचा खळगा अजून तसाच होता. चादर त्यावर बसली, ताठ झाली आणि तो दिसेनासा झाला.