एका रिंगची वायर

साहेब, तुम्ही खोटं बोललात. चौकशीला आलेल्या माणसांसमोर, पंख्याखाली बसून, चहा पीत तुम्ही सांगितलंत की बॉयलरच्या वॉलबद्दल, म्हणजे वाफ सोडायच्या झडपेबद्दल, एकाही कामगाराने कधी तोंड उघडलं नव्हतं, आणि माझा भाऊ दत्ताराम स्वतःच्या हलगर्जीपणाने वाफेत भाजून मेला. तुमचं ते वाक्य ऑफिसात राहिलं नाही. चौकशीहून आम्ही घरी यायच्या आधी ते घाटकोपरला आमच्या चाळीत येऊन बसलं होतं. नळावरच्या बायका मला बघून हंडे उचलून चालू लागायच्या. आई विचारायची, "गो नलू, खरांच त्याची चूक होती काय गो?" मी काय सांगणार? त्या दिवशी मी कारखान्यात नव्हते. तुम्ही होतात.

दत्ताच्या पाळीतला सोबती अनंत. त्याने बऱ्याच उशिराने दत्ताचं सामान आणून दिलं. डबा, मफलर आणि मस्कतच्या मामेभावाने दिलेला खिशात मावणारा टेप. आत इवलीशी कॅसेट. इथल्या कुठल्या टू-इन-वनमध्ये ती बसत नाही. टेपला स्पीकर नाही, कानाला लावायचं हरवलेलं.

"गेल्या खंडेनवमीची आहे," अनंत म्हणाला. "बॉयलरची पूजा झाल्यावर दत्ताने गाऱ्हाणं घातलं, ते मी टेपमध्ये भरलं. एक माईक त्याच्यापुढे, एक आमच्या घोळक्यात."

म्हणजे दत्ता देवाकडे मागतो आणि बाकीचे प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. आमच्या कोकणातली रीत ही. कारखान्यातही मोडली नव्हती.

आईला तो आवाज ऐकायचा होता. वर्षश्राद्धाच्या आधी, एकदा. भजन मंडळाने ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर आमच्या खोलीत आणून ठेवले. राहिली होती फक्त मधली वायर.

स्टेशनजवळच्या दुकानात मी टेप काउंटरवर ठेवला. दुकानदाराने उलटासुलटा केला.

"बेन, मोनो पायजे का स्टिरिओ?"

"आवाज आला पाहिजे."

"आवाज तर दोन्हीमंदी येते."

"मग द्या ना कुठलीपण. इंटरव्ह्यू कसला घेताय?"

त्याने हाताला लागली ती दिली.

रविवारी दुपारी वायर लावली. आई मिलमध्ये होती, कान तिथेच गेले, म्हणून ती स्पीकरला टेकूनच बसली. मी बटण दाबलं. आधी नुसती घरघर. मग एकदम माणसं ओरडली, "व्हय म्हाराजा!"

आणि शांतता. एक माणूस एक वाक्य बोलेल एवढी शांतता. पुन्हा, "व्हय म्हाराजा!" पुन्हा तीच पोकळी. कुणीतरी विचारतंय, सगळे हो म्हणताहेत, आणि विचारणारा नाही. दोन्ही खोक्यांतून तीच माणसं आणि तेच भोक. घोळक्यातला एक आवाज माईकच्या अगदी जवळचा होता. सगळ्यांच्या मागून, जरा हसत, 'व्हय' नाही तर 'होय महाराजा' म्हणणारा.

आईने माझं मनगट धरलं.

"हे कोणाक व्हय म्हणतत गो? माझो दत्तू खंय?"

"आई, वायर..."

"वायर नाय. तो रागावलोहा. आपण लोकांचा ऐकला, त्याची चूक म्हटला. आता तो आपल्याशी बोलाचो नाय."

त्यानंतर ती जेवताना मध्येच थांबायची. कुणाचं तरी ऐकतेय अशी मान तिरकी करायची आणि हळूच 'व्हय' म्हणायची. खोलीत आम्ही दोघीच. मला घर खायला उठायचं.

मी वायर घेऊन दुकानात गेले ती भांडायलाच.

"माझा भाऊ कुठाय ह्याच्यात? नुसती गर्दी ऐकू येते!"

तो आधी चपापला. मग त्याने वायरची पिन माझ्यासमोर धरली. "मी इचारलेला ना? हे बघ, ह्याला काळी रिंग एकच. ही मोनो. तुझा टेप स्टिरिओ. ही पिन एका माईकचा आवाज गिळून टाकते." त्याने दुसरी काढली. "हिला दोन रिंग. ही घे. भाऊ असेल तर येईल."

पुढच्या रविवारी अनंतलाही बोलावलं. बटण दाबलं, आणि उजव्या खोक्यातून दत्ता आला. श्वास घेतलेलासुद्धा ऐकू आला. आईने स्पीकरच्या जाळीवर तळहात ठेवला.

"बा देवा म्हाराजा, आज खंडेनवमीच्या दिवशी ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उभी आसत, त्यांका सुखी ठेव रे म्हाराजा!"

डावीकडून सगळे, "व्हय म्हाराजा!"

"ह्या बॉयलराचो वॉल अडाकता. सायबाक सांगान सांगान आमी दमलंव. आता तू त्यांच्या मनात घाल आणि तो बदलून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आणि मागून, जवळून, जरा हसत, "होय महाराजा."

"नायतर कोणाच्या तरी अंगावर वाफ येतली. तसा होऊ देऊ नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" टेपमधली माणसं म्हणाली. आईही म्हणाली. आणि पुन्हा तो, "होय महाराजा."

अनंत उठून दारापर्यंत गेला आणि परत आला. "साहेब नारळ हातात घेऊन माझ्याच बाजूला उभे होते," तो म्हणाला. "कारखान्यात 'होय' म्हणणारा एकच माणूस आहे, नलू."

"चौकशीत का नाही बोललास?"

"नोकरी आहे गं."

आईने पदराने स्पीकर पुसला. "चूक नव्हती त्याची," ती मला म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

आता साहेब, तुम्ही म्हणाल, मालवणी आम्हाला कळत नाही, सगळे म्हणाले म्हणून आम्हीही म्हणालो. पण बॉयलर आणि वॉल तर मालवणी नव्हते ना? तुम्ही देवापुढे, नारळ हातात धरून, त्या वॉलला हो म्हणालात. एकदा नाही, दोनदा. कॅसेट माझ्याजवळ आहे, बरोबर वायरही आहे. आई रोज दुपारी ती लावते, आणि रोज दुपारी आमच्या खोलीत माझा मेलेला भाऊ विचारतो आणि तुम्ही हो म्हणता.

मग वॉल का नाही बदललात? बोला.