रस्त्यावर उतरलेली माकडं

नव्या रस्त्याने जंगल मधोमध चिरलं. काळ्या माकडांचा कळप अलीकडे अडकला आणि त्यांची फळझाडं पलीकडे राहिली. सगळ्या मुलखात असे कळप आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते. ही माकडं झाडावरची. जमिनीला पाय लावणं त्यांना ठाऊकच नव्हतं. ताई तिथली वनरक्षक. तिने साहेबांच्या दारात चपला झिजवल्या, तेव्हा कुठे या झाडापासून त्या झाडापर्यंत रस्त्यावरून दोरखंडाचा पूल बांधला गेला.

वर्ष सरलं. पुलावर एकही माकड चढलं नाही. "नवा दोर आहे, बिचकत असतील," ताई विचारणाऱ्याला समजावायची. फळं झाडाखाली कुजत होती आणि कळपातली पिल्लं काही वाढत नव्हती.

पुलाच्या खालीच तिच्या धाकट्या भावाची चहाची टपरी होती.

त्या सकाळी ताईला वळणावर एक मादी मरून पडलेली सापडली. ट्रकने उडवली होती. पिल्लू पोटाला घट्ट चिकटून होतं आणि मादीच्या मुठीत पावाचा तुकडा होता.

ताईने पिल्लाची बोटं एकेक करून सोडवली, त्याला जाकिटात घातलं, मादीला उचललं आणि तडक टपरीवर जाऊन फळीवर ठेवलं. बरण्यांच्या शेजारी.

भाऊ चहा गाळत होता. "ताई, गिऱ्हाईक बसलंय. हे काय आणलंस?"

"तुझंच गिऱ्हाईक. पाव अजून हातात आहे बघ."

बाकावरचे दोघे उठले. तिसऱ्याने फोन काढून विचारलं, "पिल्लाचा एक फोटो घेऊ का?" ताईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने फोन खिशात घातला आणि चहा तसाच टाकून गेला.

"मी ट्रक चालवतो का?" भाऊ म्हणाला.

"नाही. तू नुसता बोलावतोस. ती पाटी कुणाची? 'माकडं जवळून पाहा'?"

"भुकेल्याला घास घातला तर पाप झालं होय? आईनेच शिकवलंय आपल्याला."

"आईने दारात आलेल्याला घालायला शिकवलं. तू दारच नेऊन रस्त्यात ठेवलंस."

"तुझ्या पुलावर कुणी फिरकत नाही, त्याचा राग माझ्यावर काढू नकोस."

"का फिरकतील? खाली आयतं ताट वाढलेलं असताना वर दोरावर कसरत कोण करेल? वर्षभर मी दोर तपासत बसले, दोष दोरात शोधत बसले. आणि तू खाली पाव फेकत होतास."

भावाने मान खाली घातली. मादीवर त्याने स्वतःचा पंचा घातला. "चुकलो," तो म्हणाला. "उद्यापासून नाही टाकणार."

"तेवढ्याने भागत नाही. माकडं येतच राहणार."

आणि ती आलीच. रोजच्या वेळी कळप झाडावरून उतरून रस्त्याच्या कडेला बसला. भावाचा हात सवयीने पावाच्या टोपलीकडे गेला. ताईने मनगट धरलं आणि त्या हातात मातीचं ढेकूळ ठेवलं.

"मार."

"मी? ताई, ती मला ओळखतात गं."

"म्हणूनच. मी मारलं तर मला घाबरतील. तुला घाबरायला हवीत. तू शिकवलंस, आता विसरायला तूच लाव."

त्याने हलकेच फेकलं. ढेकूळ गडगडत गेलं. एक तरुण मादी पुढे आली, तिने ते उचलून हुंगलं आणि अजून काही मिळेल म्हणून त्याच्याकडे पाहत बसली.

"जोरात."

दुसरं ढेकूळ थोराड नराच्या पाठीत बसलं. तो किंचाळला. सगळा कळप झाडावर पळाला आणि फांद्यांतून भावाकडे पाहू लागला. पुलाकडे कुणीच वळलं नाही. जाकिटातलं पिल्लू कळपाच्या आवाजाने धडपडू लागलं.

भावाने डोळे पुसले. "मला शिव्या दे, टपरी मोड, पण हे नको सांगूस."

"शिव्या त्यांना कळत नाहीत," ताई म्हणाली. ती खाली वाकली आणि आणखी एक ढेकूळ उचलून त्याच्या हातात दिलं. तरुण मादी पुन्हा खाली उतरत होती.