माप घेताना

"मोठ्यानं सांगा हो ताई आकडा, हिला कळू दे किती फुगलीये ते!" पोरीच्या आईनं, काकूंनी, फोन वर धरला. "थांबा, व्हिडिओच पाठवते हिच्या मामीला."

शिवणवालीची टेप पोरीच्या कमरेभोवती अर्धी आली होती, ती तिथंच थांबली. ही पोरगी कोण, ते तिला चांगलं ठाऊक होतं. वर्गाची मॉनिटर.

मागे स्टुलावर तिची स्वतःची लेक हूक लावत बसलेली. लेक बोलताना अडखळते. वर्गात धडा वाचताना अडकली, तेव्हा याच मॉनिटरनं व्हिडिओ काढला, अडकलेला शब्द पुन्हापुन्हा फिरेल असा जोडला आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकला. नाव ठेवलं 'बफरिंग'. त्या दिवसापासून लेकीनं शाळेत पाऊल टाकलं नाही. फोन मात्र हातातून सुटेना.

"बघतेस कशाला ते मेलं?" आईनं विचारलं होतं.

"न-नाही बघितलं तर मागे काय ब-बोलतात ते कळत नाही ना."

आईनं फोन कपाटात कोंबला, तर पोरगी दिवसभर कपाटाकडे बघत बसली. शेवटी दिला परत. शाळेतल्या बाई म्हणाल्या, मुलं आहेत, चालायचंच.

आणि आता ती मॉनिटर समोर उभी. पोट आत ओढून, श्वास धरून, डोळ्यांत पाणी. खोटं कशाला बोला, शिवणवालीच्या मनात आलंच. सांगावा आकडा. चांगला ठणकावून सांगावा.

"क-काकू."

लेक उठली होती. हातात खडू.

"फ-फोन खाली ठेवा. माप घेताना फ-फोन चालत नाही इथं."

"हे कधीपासून?" काकू हसल्या.

लेकीचा शब्द अडकला. मॉनिटरच्या देखत अडकला. ती थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. "आ-आमचा नि-नियम आहे."

असला काही नियम नव्हता. बायका फोन कानाला लावूनच माप द्यायच्या.

"नियम म्हणजे नियम," शिवणवाली म्हणाली. "आकडाही आम्ही मोठ्यानं बोलत नाही. ठेवा पर्समध्ये."

काकूंनी पुटपुटत फोन ठेवला. लेक मॉनिटरजवळ आली. "श्-श्वास सोड. नाहीतर स्कर्ट घट्ट होईल."

मॉनिटरनं श्वास सोडला. लेकीनं टेपवरचा आकडा नुसता डोळ्यांनी वाचला आणि कापडाच्या उलट्या बाजूला खडूनं लिहिला.

मायलेकी गेल्यावर शिवणवाली म्हणाली, "सोडलीस कशी गं तिला? मी तर ओरडून सांगणार होते."

"म-माहितीये. तुझं तोंड बघितलं मी."

दोघी हसल्या. किती दिवसांनी.

कापून झाल्यावर आई मशीनवर बसली, तशी लेक वाकली. "आत दोन बोटं जास्त सोड. उ-उसवून सैल करता येईल. घ-घरी कुणाला सांगावं लागणार नाही तिला."

"बरं. शिवून झाला की फोन करते काकूंना, घेऊन जातील."

"नको. सोमवारी मीच नेते. व-वर्गात."

आई मशीन दामटत राहिली. दोरा केव्हाच तुटला होता, सुई कापडात नुसती भोकं पाडत चालली होती, पण मान वर करायची नव्हती तिला.