जयंतीबाईंचं उसनं नाक

मी एक जुना स्मोक अलार्म आहे. जुना म्हणजे नऊ वर्षांचा. हसू नका, आमच्या जातीत दहा वर्षं म्हणजे शंभरी. मित्रांनो, स्कारबरोतल्या एका उंच इमारतीत, आठव्या मजल्यावर, एका स्वयंपाकघराच्या छताला मी उलटा चिकटून राहतो. वटवाघूळ म्हणा हवं तर. पण वटवाघूळ निदान झोपतं तरी. मला झोप ठाऊक नाही. रात्रंदिवस जीव टांगणीला, आता धूर येतो की मग येतो, हाच घोर.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या एका मुलीनं माझ्या पोटात छोटीशी अंधारी कोठी बसवली आणि तिच्यात उजेडाची एक बारीक तिरीप सोडली. धूर आत शिरला की ती तिरीप विस्कटते आणि मी ओरडतो. विचारबिचार करत नाही. पोटात आलं की लगेच ओठांवर, असा माझा कारभार. पुढे खोक्यात बसून, समुद्र ओलांडून मी कॅनडात आलो. एका दांडग्या माणसानं मला दोन स्क्रूंनी छताला ठोकलं, बटण दाबून माझा आवाज ऐकला आणि खूश होऊन मान डोलावली. माझं तेवढंच कौतुक झालं. नंतरच्या भाडेकरूंनी टोस्ट करपवले, मी ओरडलो आणि शिव्या खाल्ल्या.

चार वर्षांपूर्वी या घरात जयंतीबाई आल्या.

जयंतीबाई मूळच्या मालवणच्या. पण नवरा मलेशियात बंदरावर इंजिनियर होता, म्हणून वीस वर्षं त्यांचा संसार तिकडे झाला. तिथल्या शेजारणीनं, झैनबताईंनी, त्यांना सांबल करायला शिकवलं. सांबल म्हणजे भाताबरोबर खायची झणझणीत चटणी. ताज्या लाल मिरच्या, मीठ, चिमूटभर साखर, लिंबू आणि बलाचान, सगळं दगडी खलात जाडसर कुटायचं. बलाचान म्हणजे जवळा मीठ लावून, आंबवून, वाळवून केलेली वडी. दिसायला तपकिरी साबण! कच्ची असताना तिचा वास असा की पाहुणे चहा न घेता उठतील. पण तव्यावर नीट भाजली की असा खमंग दरवळ सुटतो की तेच पाहुणे जेवूनच जातील. सगळी मेख त्या भाजण्यात आहे. जरा कमी पडलं तर उग्र, जरा पुढे गेलं तर कडू.

नवरा गेल्यावर मुलगा परीक्षित त्यांना इकडे घेऊन आला. तो रिचमंड हिलला राहतो, कंप्युटरवर काम करतो. पण बाईंनी सुनेच्या, यामिनीच्या, घरात राहायला साफ नकार दिला. "माझी चूल मला हवी," म्हणाल्या. दर रविवारी परीक्षित जेवायला येई. त्याचं लहानपण त्या सांबलवर गेलेलं. बाई बलाचान भाजायला घेत तेव्हा मी हमखास ओरडे, आणि त्या हातातल्या ताटलीनं मला वारा घालत म्हणत, "गप मेल्या, गप! मला कळतंय!" आणि त्यांना खरंच कळायचं. नाक असं तयार की डोळे मिटून तवा उतरवत.

दोन हिवाळ्यांपूर्वी बाईंना ताप आला. ताप आठ दिवसांत गेला, पण त्यांच्या नाकाला वास येणं थांबलं ते कायमचं. चहाचा नाही, उदबत्तीचा नाही, करपल्याचा नाही. जिभेला खारट-आंबट कळायचं, मिरचीनं डोळ्यांत पाणी यायचं, पण जेवणात काही राम उरला नाही. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. घड्याळ लावून बलाचान भाजून बघितलं, पण एक वडी ओलसर तर दुसरी कोरडी, घड्याळाला काय कळणार! सांबल कधी कडूजहर होई, कधी कच्चट. परीक्षित आपला दर रविवारी म्हणे, "छान झालंय, आई." एकाच सुरात. पण मी छतावर आहे ना, मला ताटं वरून दिसतात. तो सांबल ताटाच्या कडेला सारून त्यावर काकडीची चकती झाकून ठेवायचा. ताट घासायला घेताना बाईंनाही ते दिसायचं. मग त्या नळ सोडून नुसत्या उभ्या राहत.

त्या दिवसांत त्या माझ्यावरही चिडू लागल्या. तव्यावर काही ठेवलं की हा मेला ओरडतो, आणि बरोबर की चूक ते कळतच नाही! शेवटी एक दिवस स्टुलावर चढून त्यांनी माझ्या तोंडावर आंघोळीची प्लॅस्टिकची टोपी चढवली. मित्रांनो, ज्याचा जन्मच ओरडण्यासाठी झाला त्याचं तोंड बांधलं की काय होतं, ते मला विचारा. खाली फोडणी तडतडायची आणि मी टोपीत घुसमटायचो.

आणि नोव्हेंबरात नको तेच घडलं. बाईंनी तव्यावर बलाचान ठेवलं आणि आतल्या खोलीत फोन वाजला म्हणून गेल्या. बोलण्यात वेळ गेला. वडीचा कोळसा झाला, तव्याची मूठ वितळली, धूर दाराखालून बाहेर गेला. मला टोपीच्या आडून अंधुक दिसत होतं, पण कोठीत कण येत नव्हता. समोरच्या घरातल्या गीलाबाईंनी बाहेर वास घेतला, दार बडवलं, शेगडी बंद केली आणि परीक्षितला फोन लावला.

तासाभरात परीक्षित आला. आधी त्यानं आईला नीट आपादमस्तक पाहिलं. मग वर बघून माझी टोपी ओढून काढली, आणि त्याचा चेहरा पडला.

"आई, धिस इज नॉट सेफ. तुला वासच येत नाही ना? कधीपासून?"

बाईंनी मूठ वितळलेला तवा उचलून नळाखाली ठेवला.

"बेसमेंट तयार आहे. यामिनीनं पडदेसुद्धा लावलेत. तू आरामात राहा, स्वयंपाक आम्ही करू."

"म्हणजे मी जेवायची वाट बघत बसू? खाली, तळघरात?"

"आई, प्लीज. मी रोज घाबरत ऑफिसला जाऊ का?"

तोही खोटं बोलत नव्हता. बाईंनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "मला पुढच्या रविवारपर्यंत दे. तू ये, तुझ्यासमोर बलाचान भाजीन. चुकलं तर त्याच दिवशी बॅग भरून तुझ्या गाडीत बसते. शब्द."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ओल्या फडक्यानं माझ्या अंगावरची धूळ पुसली. पुसता पुसता थबकल्या, माझ्याकडे एकटक बघत राहिल्या. "मला नाक नाही," त्या पुटपुटल्या, "पण तुला तर आहे की रे!" खरं सांगतो, मित्रांनो, नऊ वर्षांत मला इतकं कुणी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात गीलाबाई आल्या. या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, रेवदंड्याच्या. दारातूनच म्हणाल्या, "जयंती, चुगली केली म्हणून रागावलीस का गं?"

"रागावू नको तर काय ओवाळू तुला? ये आत. आता तूच निस्तर."

बाईंनी बेत सांगितला. मी कधी ओरडतो ते शेगडीवरच्या पंख्यावर ठरतं. पंखा बंद असला तर धूर सरळ माझ्याकडे येतो आणि मी फार लवकर ओरडतो. पंखा जोरात असला तर धूर बाहेर खेचला जातो आणि मी फार उशिरा ओरडतो. मधली अशी एक जागा शोधायची की वडी बरोबर भाजली जाईल त्याच क्षणी मी ओरडेन. पण बरोबर कधी, ते सांगायला कुणाचं तरी जिवंत नाक हवं.

"आमच्यात जवळा चालत नाही बाई," गीलाबाई म्हणाल्या. "पण वास घ्यायला मनाई आहे असं मला तरी कुणी सांगितलं नाही. आमच्या शेजारच्या कोळणी अंगणात सुकट भाजायच्या. वास घेत घेत मी आपला वरणभात जेवायची!"

मग काय विचारता! आठवडाभर नुसती धांदल. पंखा बंद ठेवला, मी केकाटलो, गीलाबाई म्हणाल्या, "कच्चं आहे." पंखा पूर्ण सोडला, मी हूं की चूं केलं नाही आणि गीलाबाई खोकत ओरडल्या, "जळलं गं, उतरव!" तवा मागच्या शेगडीवर सरकवला. वडी जाड कापली, मग पातळ कापली. दोघी एकमेकींवर खेकसत, मग हसत, मग चहा घेत. बुधवारी जयंतीबाई रडल्यासुद्धा. गुरुवारी पंख्याचा खटका एकवर, तवा मागच्या शेगडीवर, वडी बोटभर जाड, आणि गीलाबाईंच्या तोंडून "हां, आता!" निघायला आणि मी ओरडायला एकच गाठ पडली. शुक्रवारी दुपारी पुन्हा तसंच जमलं. मग गीलाबाई शब्बाथची, म्हणजे त्यांच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाची, तयारी करायला घरी गेल्या. शनिवारी त्या आल्या नाहीत. ते घर मला खायला उठलं.

रविवारी जयंतीबाईंनी गीलाबाईंना बोलावलं नाही. "उद्या ती नसली तर?" म्हणाल्या. म्हणजे सगळा भार माझ्यावर! माझ्या पोटातली तिरीप जागच्या जागी धडधडत होती म्हणा.

परीक्षित आला, बूटसुद्धा न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. भात तयार होता, मिरच्या खलात कुटून झाल्या होत्या. बाईंनी खटका एकवर ठेवला, वडी तव्यावर टाकली आणि मान वर करून माझ्याकडे बघत राहिल्या.

मी वाट बघतोय. बाई वाट बघतायत. वडीच्या कडा गडद झाल्या. पण धूर माझ्यापर्यंत येईचना! बाहेरची गार हवा कुठून तरी सुसाट येत होती आणि धूर भलतीकडेच पळत होता. परीक्षितनं येता येता काळजीपोटी बाल्कनीचं दार उघडून ठेवलं होतं. मला दिसत होतं की आता दोन क्षणांत वडी जाईल. पण कोठीत कणही नाही, ओरडणार कशाच्या जोरावर? मित्रांनो, तसली तगमग शत्रूलाही नको.

बाईंनी एकदम मानेवर हात नेला. थंडी लागली होती.

"परीक्षित, दार लाव! आधी दार लाव!"

"आई, धूर होतोय..."

"होऊ दे! तो ओरडू दे!"

त्यानं दार ओढलं. धूर सरळ वर आला आणि मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. परीक्षितनं माझी बॅटरी काढायला खुर्ची ओढली. "हात लावू नकोस त्याला!" बाई गरजल्या. "ते माझं नाक आहे." आणि त्यांनी तवा उतरवला.

गरम वडी खलात पडली. बाई मान वर न करता कुटत होत्या. त्यांनी वर लिंबू पिळलं, ताट वाढलं आणि समोर बसल्या. परीक्षितनं भातात सांबल कालवून घास घेतला. दुसरा घेतला. मग आपल्या हातानं पुन्हा भात वाढून घेतला आणि ताटातलं सगळं पुसून खाल्लं. मी वरून पाहिलं, ताटाच्या कडेला काहीही नव्हतं.

"आई, एक सांगू?"

"सांग."

"मीठ कमी आहे."

बाईंनी घाईनं बोट सांबलमध्ये बुडवून चाखलं. खरंच, नादात त्या मीठ घालायलाच विसरल्या होत्या! त्यांना राग यायला हवा होता, नाही का? पण त्यांना हुंदका फुटला आणि हसूही फुटलं. दोन वर्षांत पोरानं पहिल्यांदा त्यांना खरं सांगितलं होतं.

परीक्षितनं डोळे पुसले. म्हणाला मिरचीमुळे. मग बोटं चाटत म्हणाला, "पुढच्या रविवारी मीठ आठवणीनं घाल."

"पुढच्या रविवारी? कुठे?"

"इथेच. आणखी कुठे?"

मित्रांनो, माझी विनंती फार मोठी नाही. महिन्यातून एकदा आमचं बटण दाबून बघा, धूळ पुसा, आणि आमचा ओरडा नकोसा झाला तरी आमचं तोंड बांधू नका. घरातल्या कुणाचं नाक, कान, गुडघे कमी पडू लागले, तर त्याच्या हातातलं काम काढून घेण्याआधी त्याला निदान एक आठवडा द्या. आणि त्याची कीव करून खोटं "छान" म्हणू नका. मी साधा प्लॅस्टिकचा डबा, पण असेल ते तोंडावर सांगतो. घरच्या माणसांना एवढं तर जमायला हवं.